मेल नेमका कुठे असतो : प्रस्तावना

‘इनबॉक्स तर रिकामा आहे, मग मेलबॉक्स भरला कसा?’ बोईसरच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात एखाद्या छोट्या कारखान्याच्या ऑफिसात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. अकाउंट्स सांभाळणाऱ्या माणसाने इनबॉक्समधला एकेक मेल उचलून पार्टीच्या नावाच्या फोल्डरमध्ये नीट लावलेला असतो. तरीही पुरवठादाराला ‘मेलबॉक्स भरला आहे’ असा निरोप जातो आणि त्याचं बिल परत फिरतं. शेजारच्या ऑफिसात अडचण वेगळी असते. प्लांट मॅनेजरच्या मोबाइलवर मेल दिसतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही. तिसरीकडे हार्ड डिस्क जाते आणि तिच्यासोबत अनेक वर्षांचे फोल्डर जातात. इनबॉक्स मात्र नव्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उतरतो.

या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. मेल ज्या नियमांनी चालतो त्या नियमांत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, मेलबॉक्स आणि फोल्डर यांची सीमा आखलेली आहे. पण प्रत्येक प्रोटोकॉलने ती वेगळ्या जागी आखली आहे. मेल पोहोचवणारा प्रोटोकॉल ज्याला मेलबॉक्स म्हणतो, त्याला मेल वाचायला देणारा प्रोटोकॉल मेलबॉक्स म्हणत नाही. स्क्रीनवर मात्र सगळं एकाच डावीकडच्या यादीत दिसतं, आणि वापरणाऱ्याला ते एकाच जातीचं वाटतं. ही पुस्तिका त्या यादीमागे काय आहे हे सांगते. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या ऑफिसांत जी माणसं आवक-जावक सांभाळतात, ज्यांना ‘मेल बघून सांगा’ एवढंच सांगितलेलं असतं आणि मेल चुकला की जाब मात्र त्यांनाच विचारला जातो, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे.

या पट्ट्यात मेल चुकणं महागात का पडतं, ते आधी सांगायला हवं. इथले कारखाने मुख्यतः रसायनं, औषधांचा कच्चा माल, कापड, पोलाद यांचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट आणि त्याचं नूतनीकरण, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत, असं कारखान्याचं वर्ष तारखांनी बांधलेलं असतं. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकतं. इथलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरजवळ समुद्रात जातं. त्या पाण्याचा त्रास होतो म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. म्हणून मंडळ, प्रक्रिया केंद्र आणि कारखाने यांच्यातल्या पत्रव्यवहाराला मी निव्वळ कागदी काम मानत नाही. त्यातलं एखादं पत्र वेळेवर वाचलं गेलं की नाही, याचा संबंध किनाऱ्यावरच्या माणसांच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीशी आहे.

आता कायदा मेल ‘मिळाला’ असं कधी मानतो ते पाहा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १३ सांगतं की, दोन पक्षांत वेगळं काही ठरलेलं नसेल आणि मेल घेण्यासाठी तुम्ही एखादी संगणकीय जागा नेमून दिली असेल, तर मेल त्या जागेत शिरला की तो तुम्हाला मिळाला. तुम्ही तो उघडला का, वाचला का, हा प्रश्नच तिथे येत नाही. नेमून दिलेल्या जागेऐवजी तुमच्याच दुसऱ्या एखाद्या जागी मेल गेला, तर मात्र तुम्ही तो तिथून घेतल्यावरच मिळाला असं धरतात. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीत दिलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठवणं ही बजावणीची एक मान्य रीत आहे. म्हणजे कायद्याची नजर खात्याच्या उंबरठ्यावर असते. आतल्या कुठल्या फोल्डरमध्ये मेल जाऊन पडला, स्पॅममध्ये गेला, की आवरताना कोणी दुसरीकडे लावला, हे तुमच्या घरातलं. प्रोटोकॉलची पहिली सीमासुद्धा नेमकी याच उंबरठ्यावर आहे, आणि म्हणूनच ती समजून घ्यायची.

ही पहिली सीमा एसएमटीपीची. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणारा हा प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडला. आज चालतो तो २००८ चा आरएफसी ५३२१. एसएमटीपीसाठी मेलबॉक्स म्हणजे ‘@’ च्या डावी-उजवीकडचा तो पत्ता आणि त्या पत्त्यामागे मेल जिथे ठेवला जातो ती जागा. फोल्डर ही वस्तूच या प्रोटोकॉलला ठाऊक नाही. पाठवणारा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो, तुमचा सर्व्हर हो म्हणतो, मजकूर घेतो, आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची होते. तुमच्या ‘कन्सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये थेट मेल टाकण्याचा मार्ग मंडळाला नाही, बँकेला नाही, कोणालाच नाही.

पत्त्याच्या दोन भागांचे अधिकारही वेगळे आहेत. ‘@’ नंतरचं डोमेन जगातल्या प्रत्येक सर्व्हरने वाचायचं असतं. त्याआधीच्या नावाचा अर्थ लावायचा हक्क फक्त त्या डोमेनच्या सर्व्हरला. पिन कोडशी हे बरंचसं जुळतं. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. ४०१५०१ वाचून देशातलं कोणतंही टपाल कार्यालय पत्र बोईसरकडे वळवू शकतं, पण पुढे लिहिलेल्या प्लॉट क्रमांकाचा माग बोईसरच्या पोस्टमननेच काढायचा. मेलमध्येही ‘परचेस’, ‘अकाउंट्स’, ‘इन्फो’ हे तीन पत्ते एकाच खात्यात उतरू शकतात, किंवा एका पत्त्यावरचा मेल चार जणांच्या खात्यांत जाऊ शकतो. हे सगळं डोमेन ज्याच्या ताब्यात आहे त्याने ठरवायचं. कंपनीत चार मेल आयडी आहेत म्हणून चार मेलबॉक्स आहेत असं गृहीत धरू नये. बऱ्याचदा असतो एकच, आणि त्याचा पासवर्ड एकाकडेच.

मेल खात्यात आला. आता तो वाचायचा कसा? इथे दोन प्रोटोकॉलच्या वाटा फुटतात, आणि बोईसरच्या ऑफिसांतली निम्मी डोकेदुखी या फाट्यावर जन्माला येते, असं माझं मत आहे.

जुनी वाट पॉप. तिचा पहिला दस्तऐवज ऑक्टोबर १९८४ चा; सध्याची तिसरी आवृत्ती मे १९९६ च्या आरएफसी १९३९ मध्ये आहे. पॉपमध्ये एका खात्याला एकच साठा असतो, त्याचं नाव मेलड्रॉप. जोडणी करा, किती मेल आहेत विचारा, उतरवून घ्या, सर्व्हरवरचे पुसा, जोडणी तोडा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोनच्या तारेवरून, मिनिटा-मिनिटाचे पैसे मोजत चालणाऱ्या त्या काळात हा हिशेब अगदी योग्य होता. तीच सवय आणि तीच सेटिंग पुढे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर चालत आली.

पॉपलाही फोल्डर ठाऊक नाही. पॉपवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर तुम्ही जे फोल्डर बनवता, ते त्या कॉम्प्युटरचे. सर्व्हरला त्यांचा पत्ता नसतो, मोबाइलला नसतो, आणि हार्ड डिस्क गेली की ते गेले. शिवाय पॉपच्या नियमात मेलड्रॉपला कुलूप आहे: एक जण जोडलेला असताना दुसऱ्याला ते उघडता येत नाही. दोन टेबलांवर एकच आयडी पॉपने लावला आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली असली, तर जो आधी उतरवेल त्याच्याकडे मेल, दुसऱ्याकडे काहीच नाही. ‘मला मेल आलाच नाही’ आणि ‘मी तर वाचला’ ही दोन्ही वाक्यं अशा ऑफिसात एकाच वेळी खरी असतात. त्यावरून माणसांत भांडणं लागतात, आणि त्यात दोघांचाही दोष नसतो.

दुसरी वाट आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तो रचला. त्यांचा विचार उलटा होता: मेल सर्व्हरवरच राहू द्या, आणि माणूस जिथे असेल तिथून तो पाहू द्या. पण मग आवरणंही सर्व्हरवर झालं पाहिजे, म्हणून एका खात्यात अनेक साठे आले. आणि इथे ती मोठी गल्लत तयार झाली. आयमॅपच्या दस्तऐवजांत, २००३ च्या आरएफसी ३५०१ मध्ये आणि २०२१ च्या आरएफसी ९०५१ मध्येही, ज्याला मेलबॉक्स म्हटलंय, तो म्हणजे आपण स्क्रीनवर पाहतो तो फोल्डर. ‘बिलं’ हा एक मेलबॉक्स, ‘ट्रान्सपोर्ट’ हा दुसरा, ‘ट्रॅश’ हा तिसरा. एसएमटीपीचा एक मेलबॉक्स म्हणजे आयमॅपमधले वीस-पंचवीस मेलबॉक्स. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ‘मेलबॉक्स भरला’ असं सांगणारा सर्व्हर एसएमटीपीच्या अर्थाने बोलतो, सगळ्या फोल्डरांची बेरीज धरून, ट्रॅश आणि पाठवलेल्या मेलसकट. इनबॉक्स रिकामा करून तुम्ही बेरजेतला एक आकडा दुसऱ्या रकान्यात हलवता, एवढंच.

सगळे फोल्डर आयमॅपला सारखे, अपवाद एकाचा: इनबॉक्स. या नावाला नियमात खास जागा आहे. ते लहान लिपीत लिहा की मोठ्या, एकच धरलं जातं. आणि ते या सर्व्हरवरच्या या माणसाच्या मुख्य साठ्याचं राखीव नाव आहे. इनबॉक्स पुसता येत नाही. त्याचं नाव बदलायची आज्ञा दिली तर सर्व्हर आतले मेल नव्या नावाखाली हलवतो आणि इनबॉक्स रिकामा होऊन तिथेच उभा राहतो. त्याचे उपफोल्डरही जागचे हलत नाहीत. मला हा नियम अतिशय विचारपूर्वक केलेला वाटतो. बाहेरून येणाऱ्या मेलला एक दार कायम उघडं हवं; आतल्या माणसाच्या आवराआवरीत ते नाहीसं होता कामा नये.

याउलट काही नावं अशी की ती यादीत दिसतात, पण त्यांत मेल ठेवता येत नाही. याचं कारण जुन्या साठवणुकीत सापडतं. पूर्वीच्या अनेक सर्व्हरांवर एक फोल्डर म्हणजे एक लांबच लांब फाइल, ज्यात मेलमागून मेल जोडलेले. फाइलच्या पोटात दुसरी फाइल ठेवता येत नाही. त्यासाठी डिरेक्टरी लागते, आणि डिरेक्टरीत थेट मेल ठेवता येत नाही. म्हणून आयमॅपने नावांना खुणा दिल्या: हे नाव उघडता येणार नाही, या नावाखाली उपनाव करता येणार नाही. आजचे बहुतेक सर्व्हर या अडचणीतून बाहेर पडले आहेत, खुणा मात्र प्रोटोकॉलमध्ये राहिल्या. उपफोल्डर असलेला वरचा फोल्डर पुसला की तो राखाडी रंगात, नुसत्या नावाने उरलेला दिसतो, त्यामागे हेच आहे.

फोल्डरची नावं देताना आपल्याकडच्या ऑफिसांत एक गोष्ट हमखास नडते. आयमॅपमध्ये पातळ्या वेगळ्या करायला प्रत्येक सर्व्हर एक चिन्ह वापरतो: कुठे तिरकी रेघ, कुठे टिंब. आता आर्थिक वर्षाचा फोल्डर बनवा ‘२०२३/२४’ या नावाने. तिरकी रेघ वापरणारा सर्व्हर त्याचा अर्थ लावतो: ‘२०२३’ नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात ‘२४’. पुढच्या वर्षी ‘२०२४/२५’. पाच वर्षांनी यादी पाहणाऱ्याला कळत नाही की ‘२४’ कुठल्या वर्षाचा. टिंब वापरणाऱ्या सर्व्हरवर हेच आद्याक्षरांनी लिहिलेल्या पार्टीच्या नावांचं होतं. प्रत्येक टिंबाला एक पायरी. काही मेल प्रोग्राम अशी नावं घेण्याचंच नाकारतात, आणि ते बरं करतात. आडवी रेघ वापरा, ‘२०२३-२४’. तिचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही.

मराठी नावांची कथा याहून लांबची. आयमॅप इंग्रजी अक्षरांसाठी घडला, त्यामुळे इतर लिपींतल्या नावांसाठी एक वळसा काढला गेला: नाव ‘&’ ने सुरू करायचं, ‘-’ ने संपवायचं आणि मध्ये अक्षरांचे आकडे रोमन अक्षरांच्या रूपात भरायचे. या वेषांतरात तिरक्या रेघेच्या जागी स्वल्पविराम वापरतात, कारण तिरकी रेघ पातळ्यांसाठी लागते. ‘बिले’ हे नाव अशा प्रकारे तेरा चिन्हांचं होतं. ते उलगडण्याचं काम मेल प्रोग्रामचं. ज्याला ते येत नाही त्याच्या यादीत निरर्थक अक्षरं दिसतात, आणि कोणीतरी तो फोल्डर बिघडला आहे समजून पुसून टाकतो. २०२१ च्या आवृत्तीने नावं सरळ युनिकोडमध्ये लिहिण्याची सोय केली. त्याआधीच, २०१२ मध्ये, एसएमटीपीने पत्त्यातही इतर लिपी स्वीकारल्या होत्या, आणि २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ डोमेन मिळतं. मराठी पत्ता आणि मराठी फोल्डर या दोन स्वतंत्र वाटांनी आलेल्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी वाटेतल्या सगळ्या सर्व्हरांची तयारी लागते, दुसऱ्यासाठी फक्त तुमचा सर्व्हर आणि तुमचा प्रोग्राम पुरतो. म्हणून मी आग्रहाने सांगेन की फोल्डरांना मराठी नावं द्या. शोधणाऱ्याला ती पटकन सापडतात.

‘सेंट’ या फोल्डरबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यावर नोटिशींची उत्तरं अवलंबून असतात. एसएमटीपी मेल नेतो. पाठवणाऱ्यासाठी प्रत ठेवणं हे त्याचं काम नाही. पाठवून झाल्यावर मेल प्रोग्राम तोच मेल पुन्हा एकदा, आयमॅपच्या वेगळ्या आज्ञेने, ‘सेंट’ फोल्डरमध्ये चढवतो. काही मेलसेवा ही प्रत स्वतःच ठेवतात, पण तो त्यांचा पायंडा. त्यामुळे मेल गेला पण प्रत राहिली नाही, असं होऊ शकतं; आणि ‘सेंट’मध्ये प्रत आहे म्हणून मेल समोरच्याच्या खात्यात शिरला हेही सिद्ध होत नाही. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम या फोल्डरला स्वतःचं नाव देई, म्हणून एकाच खात्यात ‘सेंट’, ‘सेंट आयटम्स’ आणि ‘सेंट मेसेजेस’ असे तिघे नांदतात आणि उत्तर नेमकं तिसऱ्यात सापडतं. मार्च २०११ च्या आरएफसी ६१५४ ने अशा फोल्डरांना नावापलीकडची एक खूण दिली, जेणेकरून प्रोग्रामने नावाऐवजी खूण पाहावी. जुनी खाती मात्र अजून तशीच आहेत.

उंबरठा आणि फोल्डर यांच्या मध्ये कोणी मेल उचलून लावू शकतं का? शकतं, पण ते तुमच्याच सर्व्हरवरचं कोणीतरी. सिव्ह नावाच्या भाषेत लिहिलेले नियम मेल आत येता येताच ठरवतात की तो इनबॉक्समध्ये जाईल की दुसरीकडे. स्पॅमची गाळणीही याच टप्प्यावर बसते. म्हणून ऑफिसात एक टेबल पॉपवर आणि एक मोबाइल आयमॅपवर असेल, तर नियमाने ‘कन्सेंट’मध्ये लावलेला मेल मोबाइलवर दिसेल, टेबलावर कधीच उतरणार नाही, कारण पॉपला बहुतेक सर्व्हर फक्त इनबॉक्सच दाखवतात. मंडळाची नोटीस एखाद्या नियमाने बाजूला जाते आणि टेबलावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही, ती याच वाटेने.

आउटलुक आणि जीमेल यांनी या शब्दांत आणखी भर घातली. मायक्रोसॉफ्टच्या जगात मेलबॉक्स म्हणजे एका माणसाचं पूर्ण खातं, फोल्डर त्याच्या आत. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आलं ते लेबल घेऊन: मेल एका साठ्यात एकदाच असतो, त्याला कितीही लेबलं चिकटतात. आयमॅपमधून पाहिलं की प्रत्येक लेबल फोल्डर होऊन समोर येतं, आणि तीन लेबलांचा मेल तीन ठिकाणी दिसतो. २०१९ च्या जेमॅप या नव्या प्रोटोकॉलने हीच रीत नियमात बसवली: मेल एकाहून अधिक मेलबॉक्समध्ये असू शकतो, पण किमान एकात असलाच पाहिजे.

सरकारी ऑफिसांसाठी एक वेगळं प्रकरण लिहावं लागलं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी पदं, नवे पत्ते. पत्ता एका दिवसात तयार होतो. जुन्या खात्यातले फोल्डर मात्र नव्या खात्यात आपणहून जात नाहीत, ते कोणीतरी एकेक करून उतरवून चढवावे लागतात. भारत सरकारच्या ई-मेल धोरणात पदनामाचा पत्ता आणि व्यक्तीच्या नावाचा पत्ता वेगळे ठेवण्याची तरतूद आहे. बदली झाली की पदनामाचं खातं पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यायचं, फोल्डरांसकट. ही पद्धत कारखान्यांनी उचलावी असं मला मनापासून वाटतं. आज अनेक छोट्या युनिटांचे नोंदणीतले पत्ते कोणा अकाउंटंटच्या किंवा सल्लागाराच्या खासगी खात्यावर आहेत. तो माणूस सोडून गेला की उंबरठाच दुसऱ्याच्या घरी जातो, आणि नोटिसा तिथे पोहोचत राहतात.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण म्हणूनच फोल्डरांपासून सुरू होत नाही. वस्तू व सेवा कर, आयकर, प्रदूषण मंडळ, वीज कंपनी आणि बँक यांच्याकडे आपण कोणता पत्ता दिला आहे, तो कोणत्या खात्यात उतरतो, त्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, आणि ते खातं कोणत्या टेबलावर पॉपने व कोणत्या टेबलावर आयमॅपने उघडलं जातं, याचा तक्ता तिथे दिला आहे. तो भरण्याआधी ब्राउझरमधून थेट सर्व्हरवर लॉगिन करून डावीकडची यादी पाहावी. तिथे जे दिसतं ते सर्व्हरवर आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जे त्याहून जास्त दिसतं ते फक्त त्या कॉम्प्युटरवर आहे, आणि त्याचा बॅकअप त्याच दिवशी घ्यावा.